लेडी मेहेरबाई टाटा : एका आजाराने मागे ठेवलेली आशा

- खास प्रतिनिधी, नाशिक

नाशिकरोड स्थानकावरून सकाळी मुंबईकडे निघणाऱ्या पंचवटी एक्स्प्रेसमध्ये नोकरदार आणि व्यापाऱ्यांच्या गर्दीत काही चेहरे वेगळे असतात. तोंडावर मास्क, डोक्याला रुमाल, मांडीवर तपासण्यांच्या कागदांची जाडजूड फाईल आणि शेजारी भाऊ, आई किंवा पत्नी. निफाड, मालेगाव, सुरगाणा अशा ठिकाणांहून आलेली ही मंडळी दादरला उतरतात आणि परळची वाट धरतात. कुठे जायचे, असे कुणी विचारले तर उत्तर एका शब्दात मिळते, टाटाला. कर्करोगाच्या रुग्णांसाठी 'टाटा' हे उद्योगसमूहाचे नाव राहिलेले नाही. ते एका ठिकाणाचे, एका अखेरच्या आशेचे नाव झाले आहे.

या रुग्णांमध्ये रक्ताच्या कर्करोगाचे, म्हणजे ल्युकेमियाचे रुग्णही असतात. त्यांतील काहींना डॉक्टरांनी अस्थिमज्जा प्रत्यारोपणाचा सल्ला दिलेला असतो आणि दाता मिळेपर्यंत थांबण्यावाचून त्यांच्या हाती काही नसते. ज्या नावाच्या आधारावर ही माणसे थांबून असतात, त्या नावामागे ल्युकेमियानेच मृत्यू पावलेली एक स्त्री आहे, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. तिचे नाव लेडी मेहेरबाई दोराबजी टाटा. १८ जून १९३१ रोजी वयाच्या ५१ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्या वेळी जगातील कोणत्याही डॉक्टराकडे या आजारावर उपाय नव्हता. आज उपाय आहे आणि त्याची वाट पाहण्यात अर्थ आहे. या दोन काळांमधले अंतर कसे कापले गेले, हे समजून घ्यायचे तर आरंभ मेहेरबाईंच्या आयुष्यापासून करावा लागतो.

म्हैसूरमधील बालपण

मेहेरबाईंचा जन्म १० ऑक्टोबर १८७९ रोजी मुंबईत एका पारशी कुटुंबात झाला. वडील होर्मसजी भाभा हे इंग्लंडमध्ये शिकलेले, व्यासंगी आणि उदार विचारांचे गृहस्थ होते. म्हैसूर संस्थानच्या शिक्षण खात्यात ते मोठ्या पदावर होते आणि पुढे खात्याचे प्रमुख झाले. त्यामुळे मेहेरबाईंचे बालपण बंगळूर आणि म्हैसूर येथे गेले. मुलींना घरापुरतेच लिहावाचायला शिकवावे, असे मानणाऱ्या त्या काळात होर्मसजींनी मुलीला शाळेत घातले, महाविद्यालयात पाठविले आणि घरच्या ग्रंथसंग्रहाची दारे तिच्यासाठी उघडी ठेवली. इंग्रजीबरोबर लॅटिनचाही अभ्यास झाला, पियानोवर हात बसला आणि मैदानी खेळांची गोडी लागली, ती कायमची.

जमशेटजी टाटा कामानिमित्त म्हैसूरला जात असत. भाभा कुटुंबाशी त्यांचा परिचय झाला आणि ही मुलगी त्यांच्या मनात भरली. आपला थोरला मुलगा दोराबजी म्हैसूरला जाईल तेव्हा त्याने भाभांची भेट घ्यावी, असे त्यांनी सुचविले. दोराबजी केंब्रिजमध्ये शिकले होते, मुंबईत परतल्यावर काही काळ त्यांनी एका इंग्रजी वृत्तपत्रात उमेदवारीही केली होती आणि पुढे ते वडिलांच्या व्यवसायात आले होते. १४ फेब्रुवारी १८९८ रोजी दोघांचा विवाह झाला. वराचे वय ३८, वधूचे १८. वयात २० वर्षांचे अंतर असूनही या दोघांचा संसार समान आवडींचा आणि परस्परांच्या आदराचा झाला. त्यांना मूलबाळ नव्हते.

साडीतील टेनिसपटू

मेहेरबाईंची पहिली ओळख जगाला झाली ती टेनिसच्या मैदानावर. पारशी पद्धतीने नेसलेली साडी सावरत त्या ज्या चपळाईने खेळत, ती पाहून युरोपातील प्रेक्षकही चकित होत. परदेशात असतानाही त्यांनी साडी सोडली नाही. अनेक स्पर्धांत त्यांनी बक्षिसे मिळविली. १९२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकसाठी भारताचा जो टेनिस चमू ठरला, त्यात मिश्र दुहेरीसाठी महंमद सलीम यांच्या जोडीला मेहेरबाईंचे नाव होते. तेव्हा त्या ४४ वर्षांच्या होत्या. पती दोराबजीही खेळांचे मोठे आश्रयदाते. १९२० मध्ये अँटवर्पच्या ऑलिम्पिकला भारतीय खेळाडू पाठविण्यासाठी त्यांनी पदरमोड केली होती आणि पुढे ते भारतीय ऑलिम्पिक संघटनेचे पहिले अध्यक्ष झाले. १९१० मध्ये दोराबजींना 'सर' हा किताब मिळाला आणि मेहेरबाई 'लेडी टाटा' म्हणून ओळखल्या जाऊ लागल्या.

हे मानाचे स्थान त्यांनी मेजवान्यांपुरते ठेवले नाही. मुलींचे शिक्षण, पडदा पद्धतीचे उच्चाटन, स्त्रियांचा मताधिकार हे त्यांचे जिव्हाळ्याचे विषय होते. पहिल्या महायुद्धाच्या काळात त्यांनी रेड क्रॉससाठी काम केले. १९१९ मध्ये ब्रिटिश सरकारने त्यांना सी. बी. ई. हा किताब दिला. मुंबई इलाख्यातील स्त्रियांच्या परिषदेत त्या अग्रभागी होत्या आणि १९२५ मध्ये भारतीय स्त्रियांची राष्ट्रीय परिषद स्थापन झाली, तिच्या संस्थापकांमध्येही त्यांचा समावेश होता. १९२७ च्या नोव्हेंबरमध्ये अमेरिकेत मिशिगन राज्यातील बॅटल क्रीक येथे त्यांनी भारतातील बालविवाहाच्या प्रश्नावर व्याख्यान दिले. मुलींच्या विवाहासाठी किमान १४ वर्षे वयाची अट घालणारा शारदा कायदा १९२९ मध्ये संमत झाला. तो होण्यासाठी देशात जे लोकमत तयार झाले, त्यात मेहेरबाईंसारख्या स्त्रियांचा मोठा वाटा होता.

गहाण पडलेला हिरा

मेहेरबाईंविषयी सर्वांत अधिक सांगितली जाते ती ज्युबिली हिऱ्याची हकीकत. दक्षिण आफ्रिकेच्या खाणीत सापडलेला आणि पैलू पाडल्यानंतर २४५ कॅरटचा झालेला हा हिरा कोहिनूरच्या दुपटीहून मोठा. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात तो झळकला होता. दोराबजींनी तो विकत घेऊन पत्नीला भेट दिला. मोठ्या समारंभांतून मेहेरबाई तो गळ्यात घालीत.

१९२४ मध्ये जमशेदपूरच्या पोलाद कारखान्यावर मोठे संकट आले. पहिल्या महायुद्धानंतर पोलादाचे भाव कोसळले होते, विस्ताराचा खर्च वाढला होता आणि कामगारांचे पगार देण्यापुरतीही रक्कम शिल्लक नव्हती. दोराबजींनी आपली सारी वैयक्तिक मालमत्ता इम्पीरियल बँकेकडे तारण ठेवली. तिची किंमत एक कोटी रुपयांच्या आसपास होती. त्यात पत्नीचे दागिने होते आणि ज्युबिली हिराही होता. कर्ज मिळाले, कारखाना तगला आणि हजारो घरांची चूल विझता विझता वाचली. दागदागिने हे अडीअडचणीसाठी असतात, ही आपल्याकडील घराघरांतली समजूत. मेहेरबाईंनी ती एका अत्यंत मौल्यवान दागिन्याच्या बाबतीत खरी करून दाखविली. पुढे हिरा परत आला, पण त्याची खरी कामगिरी अजून व्हायची होती.

१९३१ : हाती काहीच नव्हते

खेळाडूचे शरीर, सधन घर, जगातील कोणत्याही वैद्याकडे जाण्याची ऐपत आणि संकटाला न डगमगणारा स्वभाव. आजाराशी सामना करायला माणसाजवळ जे जे असावे असे आपण म्हणतो, ते सारे मेहेरबाईंजवळ होते. तरीही ल्युकेमियापुढे त्यातील काहीही कामी आले नाही. वेल्समधील रुथिन या गावी एका शुश्रूषागृहात त्यांनी अखेरचा श्वास घेतला.

त्यांच्या आजारपणाच्या काळात वैद्यकशास्त्राची स्थिती काय होती, हे पाहिले म्हणजे या मृत्यूचे कारण कळते. ल्युकेमिया हा आजार एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून ठाऊक होता. हाडांच्या पोकळीतील अस्थिमज्जेत रक्तपेशी तयार होतात. तिथे बिघडलेल्या पांढऱ्या पेशींची बेसुमार वाढ होते, त्यामुळे तांबड्या पेशी आणि प्लेटलेट्स तयार होण्यास जागा उरत नाही. रुग्ण फिका पडतो, त्याला सतत जंतुसंसर्ग होतो, हिरड्यांतून किंवा त्वचेखाली रक्तस्राव होऊ लागतो. हे सारे सूक्ष्मदर्शकाखाली दिसत होते. मात्र इलाज म्हणून डॉक्टरांजवळ सोमलाचे औषध आणि क्ष-किरण यांखेरीज फारसे काही नव्हते. त्यांनी काही रुग्णांना काही महिने उतार पडे. आजार मात्र परत येई आणि मग डॉक्टरही हात टेकीत.

इथे एक गोष्ट स्पष्टपणे सांगायला हवी. रुग्णाने मन खंबीर ठेवले की तो बरा होतो, असे आपण सहज बोलून जातो. भेटायला आलेले नातलग हिंमत ठेवा असे बजावून जातात आणि त्यानंतर रात्री रुग्णाला रडू आले, तर आपलेच काही चुकते आहे असे त्याला वाटू लागते. मेहेरबाईंचे आयुष्य या समजुतीला उत्तर देते. त्या हिंमत कमी पडली म्हणून गेल्या नाहीत. त्या काळात औषध नव्हते म्हणून गेल्या. रुग्णाच्या अंगी धैर्य असावे हे खरेच, पण आशेला आधार द्यायचे काम बाहेरच्या जगाचे असते. १९३१ च्या जगाला तो देता आला नाही.

एका विधुराचे अखेरचे वर्ष

पत्नीच्या निधनाने सर दोराबजी खचले. ते तेव्हा ७१ वर्षांचे होते, प्रकृती ढासळत होती आणि वारस कोणी नव्हता. दुःखाने माणूस आत मिटून जातो. दोराबजींनी त्या उरलेल्या दिवसांत आपली सारी संपत्ती देऊन टाकण्याची व्यवस्था केली. ११ मार्च १९३२ रोजी त्यांनी सर दोराबजी टाटा ट्रस्ट स्थापन केला. जमीनजुमला, समभाग, दागिने सर्व त्यात घातले. ज्युबिली हिराही त्यात गेला. काही वर्षांनी तो विकला गेला आणि त्याची रक्कम न्यासाच्या कामी आली. एकदा हजारो कामगारांचे पगार वाचविणारा हा हिरा दुसऱ्यांदा रुग्णालये आणि शिक्षणसंस्थांच्या उभारणीसाठी खर्ची पडला.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये दोराबजींनी लेडी टाटा मेमोरियल ट्रस्ट हा वेगळा न्यास केला. त्याचा मुख्य हेतू ल्युकेमियावरील संशोधनाला मदत करणे हा होता. त्यातही विशेष हे, की उत्पन्नाचा मोठा भाग केवळ भारतातील नव्हे तर जगातील कोणत्याही देशातील संशोधकांसाठी ठेवण्यात आला. पत्नीला ज्या आजाराने नेले, त्याचे औषध कुठल्या देशात सापडेल हे कोणालाच माहीत नव्हते. ते कुठेही सापडो, पण सापडो, असा त्यामागचा विचार असावा. पत्नीच्या स्मरणार्थ तिसरा न्यासही निघाला. आरोग्य आणि समाजकल्याणाच्या क्षेत्रात स्त्रियांना शिक्षण घेता यावे, हा त्याचा उद्देश.

ही निरवानिरव करून दोराबजी युरोपला निघाले. पत्नीच्या समाधीचे दर्शन घ्यावे, हा त्यामागचा हेतू होता. वाटेत जर्मनीतील बाड किसिंगेन येथे ३ जून १९३२ रोजी त्यांचे निधन झाले. मेहेरबाईंच्या मृत्यूला वर्ष पूर्ण व्हायला पंधरा दिवस उरले होते. इंग्लंडमधील ब्रुकवुडच्या दफनभूमीत दोघेही शेजारी विसावले आहेत.

परळ : एक योगायोग

किरणोपचारासाठी रेडियमची सोय मुंबईत असावी, अशी दोराबजींची कल्पना होती. त्यांच्या पश्चात विश्वस्तांनी ती विस्तारली आणि केवळ कर्करोगासाठी वाहिलेले संपूर्ण रुग्णालय परळला उभे केले. २८ फेब्रुवारी १९४१ रोजी टाटा मेमोरियल रुग्णालयाचे उद्घाटन झाले. तेव्हा तिथे ८० खाटा होत्या. प्रयोगशाळेची धुरा विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी सांभाळली आणि भारतातील कर्करोग संशोधनाचा पाया घातला. पुढे १९६२ मध्ये रुग्णालयाचा कारभार केंद्र सरकारच्या अणुऊर्जा विभागाकडे गेला. त्या विभागाचे प्रमुख डॉ. होमी भाभा. मेहेरबाई या त्यांच्या सख्ख्या आत्या. लहानपणी आत्याच्या घरी ज्याची सतत ये-जा असे, त्या भाच्याच्या हाती आत्याच्या मृत्यूतून आकाराला आलेल्या कार्याची सूत्रे आली.

याच परळशी आणखी एक योगायोग निगडित आहे. मेहेरबाईंच्या अखेरच्या वर्षांत, म्हणजे १९२८ नंतर, परळच्याच हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये ल्युसी विल्स या इंग्रज स्त्री डॉक्टर संशोधन करीत होत्या. गिरण्यांत राबणाऱ्या गरीब स्त्रियांना गरोदरपणी होणाऱ्या तीव्र रक्तक्षयाचे कारण त्या शोधत होत्या. यीस्टच्या अर्काने हा रक्तक्षय बरा होतो, असे त्यांना आढळले. त्यांचा प्रबंध लंडनच्या ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध झाला तो जून १९३१ मध्ये, मेहेरबाई गेल्या त्याच महिन्यात. यीस्टमधील तो घटक पुढे फॉलिक अॅसिड म्हणून ओळखला गेला.

रक्तपेशी तयार होण्यास फॉलिक अॅसिड लागते, हे एकदा कळल्यावर पुढचा विचार सुचला. ते अडविले तर कर्करोगाच्या पेशींची वाढही अडेल का? आंध्रातील भीमावरमचे डॉ. येल्लाप्रगडा सुब्बाराव तेव्हा अमेरिकेत लेडर्ले प्रयोगशाळेत काम करीत होते. तिथे फॉलिक अॅसिडला रोखणारी द्रव्ये तयार झाली आणि बोस्टनच्या डॉ. सिडनी फार्बर यांनी १९४७ च्या अखेरीस ती ल्युकेमिया झालेल्या मुलांना दिली. १९४८ मध्ये त्यांनी निष्कर्ष जाहीर केले. १६ मुलांपैकी १० जणांना उतार पडला होता. तो टिकला नाही, काही महिन्यांत आजार उलटला. तरीही औषधाने ल्युकेमिया मागे हटतो, हे जगाने प्रथमच पाहिले. मेहेरबाईंना जाऊन तेव्हा १७ वर्षेही झाली नव्हती. परळमधील गिरणी कामगार स्त्रियांच्या रक्ताच्या तपासणीपासून निघालेला धागा केमोथेरपीपर्यंत असा पोहोचला.

अस्थिमज्जेचे दान

औषधाने रोग आटोक्यात येतो, पण काही रुग्णांत तो परत येतो. अशांसाठी बिघडलेली अस्थिमज्जा पूर्णपणे नष्ट करून तिच्या जागी निरोगी माणसाची अस्थिमज्जा द्यावी, हा विचार पुढे आला. अमेरिकेतील डॉ. डोनाल थॉमस यांनी १९५० च्या दशकात हे प्रयोग सुरू केले. सुरुवातीचे रुग्ण दगावले. अनेक संशोधकांनी हा नाद सोडून दिला. थॉमस यांनी सोडला नाही. दात्याच्या आणि रुग्णाच्या पेशींवरील खुणा जुळल्या पाहिजेत, हे फ्रान्सचे डॉ. जाँ दोसे यांच्या संशोधनाने कळले आणि वाट सुकर झाली. दोसे यांना १९८० मध्ये, तर थॉमस यांना १९९० मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले.

थॉमस यांच्या सिएटल येथील केंद्रात शिकून आलेल्या तरुण डॉक्टरांमध्ये मुंबईचे डॉ. सुरेश अडवाणी होते. लहानपणी झालेल्या पोलिओमुळे ते चाकाच्या खुर्चीवरूनच वावरत. १९८३ मध्ये त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टाटा मेमोरियल रुग्णालयात भारतातील पहिले अस्थिमज्जा प्रत्यारोपण यशस्वी केले. रुग्ण होती ल्युकेमिया झालेली नऊ वर्षांची मुलगी आणि दाता तिचा भाऊ. मेहेरबाईंच्या निधनानंतर ५२ वर्षांनी, त्यांच्या स्मृतीशी जोडलेल्या वास्तूत हे घडले. पुढे टाटाचा प्रत्यारोपण विभाग नवी मुंबईत खारघर येथे गेला. आज पुण्यासह देशातील अनेक शहरांत ही सोय आहे.

थांबण्याचे दिवस

प्रत्यारोपणाची वाट पाहणाऱ्या घरांत दिवस मोजण्याची रीत निराळी असते. आजचे पांढऱ्या पेशींचे प्रमाण, उद्याची प्लेटलेट्सची बाटली, परवाचा अहवाल. केमोथेरपीने रोग आटोक्यात आला की प्रत्यारोपणाची वेळ ठरते. तोवर ताप येऊ न देणे, उकळलेले पाणी आणि ताजे शिजवलेले अन्न, हात धुणे, गर्दी टाळणे ही पथ्ये पाळावी लागतात. वरकरणी क्षुल्लक वाटणाऱ्या या गोष्टींवर बरेच काही अवलंबून असते. म्हणूनच या काळात आशा ठेवणे म्हणजे सतत हसतमुख राहणे असे मानण्याचे कारण नाही. वेळेवर गोळी घेणे, ताप आला की रात्री बारा वाजताही रुग्णालयात फोन करणे, खर्चाची चिंता मनात न ठेवता रुग्णालयातील समाजसेवा विभागात जाऊन सरकारी योजना आणि न्यासांच्या मदतीची चौकशी करणे, हीही आशाच आहे. भीती वाटली तर ती बोलून दाखविण्यात कमीपणा नाही.

दाता मिळणे हा या वाटेवरचा सर्वांत अवघड टप्पा. सख्ख्या भावाबहिणींपैकी प्रत्येकाशी पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक इतकी असते. आता निम्म्या जुळणाऱ्या आईवडिलांची किंवा मुलांची अस्थिमज्जाही वापरता येते, त्यामुळे पूर्वी ज्यांना दाता नाही म्हणून परत पाठविले जाई, त्यांतील अनेकांसमोर वाट खुली झाली आहे. तसेच काही प्रकारच्या ल्युकेमियात आता रोजच्या गोळीनेच रोग काबूत राहतो, प्रत्यारोपणाची गरज पडत नाही. सर्वच रुग्ण बरे होतात असे नाही. प्रत्यारोपणात जोखीम असते आणि डॉक्टर ती लपवून ठेवीत नाहीत. पण १९३१ मध्ये ज्याला सुरुवातच नव्हती, त्या प्रवासात आज बरेच जण पैलतीर गाठतात.

कुटुंबात कोणी जुळले नाही तर अनोळखी माणसांकडे वळावे लागते. अशा दात्यांची जगातील पहिली नोंदवही लंडनमध्ये १९७४ मध्ये सुरू झाली. अँथनी नोलन नावाच्या लहान मुलाला जन्मजात रक्तविकार होता. त्याच्यासाठी दाता शोधताना त्याच्या आईने ती उभी केली. मुलाला दाता मिळाला नाही आणि १९७९ मध्ये तो गेला. पण त्या नोंदवहीने नंतर असंख्य जणांना जीवदान दिले. दोराबजींनी पत्नीसाठी केले, ते या आईने मुलासाठी केले. आपल्या माणसाला जे मिळाले नाही, ते दुसऱ्याच्या माणसाला मिळावे, एवढीच दोघांची इच्छा.

आज जगभरातील नोंदवह्यांत चार कोटींहून अधिक दात्यांची नावे आहेत. भारतात मुंबई, चेन्नई आणि इतरत्र अशा नोंदवह्या चालविल्या जातात, मात्र सव्वाशे कोटींहून मोठ्या लोकसंख्येच्या मानाने भारतीय दात्यांची संख्या अवघी काही लाख आहे. पेशींवरील खुणा वंशपरंपरेने येतात, त्यामुळे भारतीय रुग्णाला दाता मिळण्याची शक्यता भारतीयांतच अधिक असते. नोंदणीसाठी गालाच्या आतून कापसाच्या बोळ्याने नमुना घेतला जातो, त्याला दोन मिनिटेही लागत नाहीत. जुळणी झालीच तर बहुतेक वेळा हातातील शिरेतून रक्त घेऊन यंत्राद्वारे त्यातील मूळ पेशी वेगळ्या केल्या जातात आणि उरलेले रक्त परत दिले जाते. हाडाचा तुकडा काढतात, पाठ कायमची दुखते हे समज निराधार आहेत.

एक इशारा मात्र द्यायला हवा. नाव नोंदवून ऐनवेळी माघार घेणे हे नाव न नोंदविण्यापेक्षा वाईट. प्रत्यारोपणाआधी रुग्णाची स्वतःची अस्थिमज्जा औषधांनी नष्ट केलेली असते. त्या क्षणी दात्याने नकार दिला तर रुग्णाला मागे फिरायला जागा उरत नाही. म्हणून घरच्यांशी बोलून, पक्का विचार करूनच नोंदणी करावी. ज्यांना हे शक्य नाही, त्यांनी जवळच्या रक्तपेढीत रक्त किंवा प्लेटलेट्स द्याव्यात. थांबलेल्या रुग्णाचा पुढचा आठवडा अनेकदा त्यावरच अवलंबून असतो.

नावामागचे माणूस

मेहेरबाईंच्या नावाने जमशेदपूरमध्येही कर्करोग रुग्णालय उभे आहे. त्यांच्या स्मरणार्थ स्थापलेला न्यास आजही ल्युकेमियाच्या संशोधकांना शिष्यवृत्त्या देतो. दादरला गाडगे महाराजांच्या नावाच्या धर्मशाळेत टाटाचे रुग्ण आणि त्यांचे नातलग उतरतात. त्याच महाराजांनी आपल्या नाशिकमध्येही यात्रेकरूंसाठी धर्मशाळा बांधली होती. हिरा देणारे उद्योगपती आणि हाती खराटा घेतलेले महाराज, दोघांचे दान आज परळ-दादरच्या त्या दोन मैलांत एकाच रुग्णाच्या कामी येते.

नाशिकहून फाईल घेऊन निघालेल्या रुग्णाला हा इतिहास ठाऊक नसला तरी काही बिघडत नाही. त्याच्या सलाईनमधून टिपकणाऱ्या औषधात तो आहे. गिरणीतल्या स्त्रियांचे रक्त तपासणारी डॉक्टर, बोस्टनची ती १६ मुले, थॉमस यांचे न वाचलेले रुग्ण, अँथनीची आई आणि पत्नीच्या समाधीकडे निघून वाटेतच थांबलेले दोराबजी, या सर्वांनी मिळून ती आशा घडविली आहे. आशेचा सारा भार रुग्णाच्या एकट्याच्या मनावर टाकण्याचे म्हणूनच कारण नाही. त्याने पथ्य सांभाळावे, डॉक्टरांचे ऐकावे आणि थकवा आला तर निवांत पडून राहावे. उरलेला भार उचलण्याची पाळी आपली, निरोगी माणसांची आहे.